डोंबिवलीचे हिरवे दिवस

डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला भरल्या लोकलमध्ये चढता येतंच, शिवाय 'पूर्वी इथे सगळी शेतं होती हो' असा सुस्काराही सोडता येतो. ती शेतं विकली कुणी, हे मात्र विचारायचं नसतं. वाडी तोडून चाळ उठली तेव्हा आजोबा हळहळले. चाळ पाडून तीन मजली सोसायटी झाली, तेव्हा बाबांना चाळीचा शेजार आठवला. (नळावरची भांडणं नाही आठवली.) आता सोसायटी पुनर्विकासाला देताना नातू हळहळतोय, पण कार्पेट एरिया वाढवून घेऊन. विहीर बुजवून टॉवर आला, त्याचं नाव 'लेक व्ह्यू'. खिडकीतून दिसतो नाला.

निसर्ग गेला म्हणणाऱ्यांचं मला काही पटत नाही. 2014च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला, 2020मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. एवढी रंगसंगती कोकणातल्या रिसॉर्टवाल्यांनाही जमलेली नाही.

दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नटूनथटून गर्दी जमते. तिथे आमच्या वयाची मंडळी कडेला उभी राहून म्हणतात, 'आमच्या वेळी एकमेकांकडे चोरून बघायचो. ही पोरं फक्त मोबाइलकडे बघतात.' यातले बरेचसे आता ठाण्या-पुण्यात राहतात आणि खास या हळहळीसाठी गाडी काढून येतात. मग गाडी लावायला जागा मिळत नाही आणि गावाचं पार वाटोळं झालं, यावर सगळ्यांचं एकमत होतं.