मांडवीतले तीन राजे

पणजीची कसिनोची बोट जागची हलत नाही, त्यामुळे या प्रवासात प्रवास असा फारसा नाही. जेटीवरून छोट्या होडीत बसायचं आणि मांडवीत नांगरून ठेवलेल्या, लग्नघरापेक्षा जास्त दिवे लावलेल्या जहाजावर उतरायचं. काठावरच्या पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरचा जुगार चालतो. माणसाने हाताने पानं वाटायची तर खाली पाणी लागतं. १९७६ च्या जुगारबंदीच्या कायद्याला पुढे दुरुस्त्या झाल्या, त्यांतून हे सोवळं निघालं. गोव्याच्या रहिवाशांना तर २०२० पासून या जहाजांवर खेळायलाच मनाई. नदी त्यांची, बुडायचं आपण.

आमच्यात बुडायची हौस माझे साडू अप्पा यांना. बँकेतून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या कर्जअर्जांवर संशय घेतलेला हा माणूस मोबाइलवर खोट्या पैशांचा पोकर खेळून कोट्यधीश झाला होता आणि आता खऱ्या पैशांकडे वळला होता.

दोघी बहिणींनी पोकरच्या खोलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिकिटात जेवण धरलेलं आहे हे कळल्यावर त्यांनी बुफेजवळचं टेबल धरलं. त्या ज्या शिस्तीने कोळंबी वसूल करत होत्या ते पाहता, त्या रात्री जहाजावर नक्की फायद्यात दोनच पार्ट्या होत्या: या दोघी आणि मालक. पोकरमध्ये मालक खेळतच नाही. डावाडावातून आपला ‘रेक’ काढून घेतो आणि कोण कुणाला कापतंय ते बघत बसतो.

अप्पा सुरुवातीला फार सुंदर खेळले, म्हणजे खेळलेच नाहीत. पानं वाईट आली की टाकून मोकळे. वाईट पानं माणसाला संत करतात. घात केला तो दोन राजांनी. ते हातात आले आणि मधे तीन पानं उघडली: राजा, नव्वी, नव्वी. तीन राजे, दोन नव्व्या, फुल हाउस! कर्ज नाकारताना ठेवत तोच चेहरा अप्पांनी ठेवला. फक्त टेबलाखालचा डावा पाय थरथरत होता.

समोर हैदराबादचा एक पोरगा, उलटी टोपी घातलेला. चौथं पान चौकी. त्याने पैसे लावले, अप्पांनी वाढवले, त्याने आणखी वाढवले. मग अप्पांनी चिपांची सगळी चळतच पुढे ढकलली. “ऑल इन!” ज्या माणसाने टॅक्सीवाल्याशी वीस रुपयांवरून अर्धा तास घातला होता, तोच हा. पोराने तेवढेच लावून पानं उघडली: दोन एक्के.

इथपर्यंत अप्पाच पुढे. उरलेल्या चव्वेचाळीस पानांत पोराला तारणारे एक्के दोनच, म्हणजे बावीसांत एक संधी. डीलर मुलीने अत्यंत अदबीने शेवटचं पान उघडलं. किलवर एक्का.

“सॉरी, अंकल,” पोरगा म्हणाला. पैशांपेक्षा ते ‘अंकल’च जास्त लागलं असावं.

दुर्री-सत्तीवर हरलेला माणूस गप्प झोपतो. तीन राजांवर हरलेल्याला श्रोता लागतो. होडीत आम्ही ऐकलं, टॅक्सीवाल्याने ऐकलं, फोंताईन्यासमध्ये ऑम्लेट आणणाऱ्या वेटरने ते गार होईपर्यंत ऐकलं. मंगेशीच्या रांगेत कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी सगळी हकीकत मन लावून ऐकली आणि विचारलं, “बरं, मग जोकर कुणाकडं होता?” दर ठिकाणी संधीचा आकडाही चढत गेला. बावीसांत एकवरून निघालेला तो एक्का मडगाव स्टेशनवर लाखात एक झाला.

परतीच्या गाडीत, रत्नागिरी सुटल्यावर, अप्पा मोबाइल घेऊन उठून बसले. अमेरिकेतल्या काही पोकर रूममध्ये म्हणे असल्या दुर्दैवी डावासाठी वेगळा जॅकपॉट ठेवतात आणि त्यातला मोठा वाटा हरलेल्याला देतात! “याला म्हणतात प्रगत देश,” अप्पा म्हणाले. तेवढ्यात करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला आणि रेंज गेली. बोगदाभर अप्पा श्रीमंत होते. व्हिसाला किती दिवस लागतात, हेही त्यांनी अंधारात विचारून घेतलं.

बाहेर आल्यावर खालचा मजकूर उघडला. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी हरणाऱ्याकडे निदान चार सारखी पानं लागतात.

मेहुणीने डब्यातली पोळी त्यांच्या हातावर ठेवली. “म्हणजे तिथेही तुम्हाला एक राजा कमीच पडला असता.”