लीफ्सकाका

टोरँटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या पट्ट्यात एप्रिल महिन्यात कुठल्याही मराठी घरी सत्यनारायणाला जा. आरती झाली की प्रसादाचा द्रोण हातात धरून कोपऱ्यात उभे असलेले एक गृहस्थ दिसतील. अंगात झब्बा आणि झब्ब्यावर मेपलचं पांढरं पान मिरवणारी निळी जर्सी. त्यांना "काय काका, कसं काय?" असं सहज विचारायची सोय नाही. "डिफेन्स बरा आहे," काका म्हणतात, "गोलीचं काही सांगवत नाही."

हे लीफ्सकाका. इथल्या प्रत्येक उपनगराच्या वाट्याला एक तरी आलेला असतो. तपशील वेगळे, दुखणं एकच.

आमचे काका मूळचे खडकीचे, म्हणजे धनराज पिल्लेच्या गावचे. त्यामुळे "हॉकी मला शिकवू नका" हे वाक्य ते जन्मसिद्ध हक्काने टाकतात. खडकीत हॉकी मातीवर खेळत, इथे ती बर्फावर, पायांत स्केट्स चढवून आणि अधूनमधून हातमोजे फेकून एकमेकांना बुकलत खेळतात, हा फरक त्यांच्या लेखी किरकोळ. टोरँटो मेपल लीफ्सनी स्टॅन्ली कप शेवटचा जिंकला १९६७ साली. तेव्हा काका खडकीत दुसरीत होते आणि त्यांचा बर्फाशी संबंध गोळेवाल्यापुरता होता. तरी "सदुसष्टनंतर आपल्याला काही जमलं नाही," असं ते इतक्या कळवळ्याने म्हणतात, की त्या संघात एखादा बचावपटू खडकीचा असावा असा ऐकणाऱ्याचा समज होतो.

ऑक्टोबर ते एप्रिलच्या साखळी सामन्यांत काका माणसांत असतात. खरा आजार प्लेऑफचा. १६ संघ, चार फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत जो आधी चार सामने जिंकेल तो पुढे. म्हणजे कपासाठी १६ विजय. हा हिशेब काका दर वसंतात कॅलेंडरच्या मागे नव्याने मांडतात, आणि बहुतेक वर्षी तो पहिल्याच ओळीत आटोपतो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये तर काळजीचं काही कारणच नव्हतं. लीफ्सचे १०८ गुण झाले होते, अटलांटिक विभागात पहिला नंबर होता, आणि पहिल्या फेरीत समोर ओटावा, ज्यांना लीफ्सनी २००० ते २००४ या काळात प्लेऑफमध्ये चारदा घरी पाठवलं होतं. दुसरा कुणी असता तर हुरळून गेला असता. काकांची झोप उडाली. "सगळं इतकं नीट चाललंय," ते म्हणाले, "म्हणजे कुठेतरी माशी शिंकणार."

ही भीती हवेतली नव्हे. २०१३ साली बोस्टनविरुद्ध सातव्या सामन्यात, शेवटच्या सत्रात लीफ्स ४-१ असे पुढे होते. ते ५-४ असे हरले. ४-१ झाल्याबरोबर काका फ्रीजमधून पेढे काढायला उठले आणि तिथेच सगळं फिरलं, असं काकूंचं म्हणणं आहे. तेव्हापासून त्या घरात मे महिन्यात पेढा येत नाही. पण काकांची खरी ठसठस २०२० ची. फेब्रुवारीतला साधा साखळी सामना. समोरच्या कॅरोलायनाचे दोन्ही गोली, म्हणजे गोलरक्षक, जखमी झाले, तेव्हा नियमाप्रमाणे स्टेडियममध्ये बसवून ठेवलेला राखीव गोली आत आणला. डेव्हिड एअर्स, वय ४२, मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेला, आणि पोटापाण्याला टोरँटोतच बर्फ गुळगुळीत करणारं झँबोनी यंत्र चालवणारा. लीफ्स ६-३ असे हरले. "आपलाच झँबोनीवाला," काका म्हणतात, "आपल्याच गावात आपल्याला हरवून गेला. हे दुसऱ्या कुणाच्या नशिबी आलंय का, सांग."

तर त्या एप्रिलमध्ये, पहिल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, काकांच्या बेसमेंटमध्ये खेळाडूंची झाडाझडती सुरू होती. मी श्रोता. काकू वर होत्या, आणि वरच राहणार होत्या.

पहिला मान कप्तान ऑस्टन मॅथ्यूजचा. "ॲरिझोनाच्या वाळवंटात वाढलेलं पोर, आणि बर्फावर काय खेळतो! गेल्या मोसमात ६९ गोल. यंदा ३३. का?" 'का'चं उत्तर मिळणं कठीण, कारण लीफ्स खेळतात त्या लीगमध्ये दुखापत धडपणे सांगायची पद्धतच नाही. 'शरीराच्या वरच्या भागाला इजा' एवढंच जाहीर करतात. मग मनगट समजा, खांदा समजा, नाहीतर डोकं. काकांनी टीव्हीवरचं दृश्य थांबवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याला नाक टेकवून मॅथ्यूज वळताना कुठला खांदा पडतो ते पाहिलं. "मनगट नाही. पाठ आहे. माझीही अशीच धरते." एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या कमरेला आयोडेक्स चोळलं.

मग विल्यम नीलँडर. "४५ गोल. बाप याच लीगमध्ये खेळलेला, त्यामुळे घरातलंच वळण. पण याला कशाचं काही वाटतच नाही. जिंकलो तरी केस जागच्या जागी, हरलो तरी जागच्या जागी." जॉन तवारेसबद्दल बोलताना आवाज मऊ झाला. २०१८ मध्ये संघात येताना त्याने स्वतःचा लहानपणचा फोटो टाकला होता, लीफ्सच्या पांघरुणात गाढ झोपलेला. "घरचं पोर ते. कप्तानी मॅथ्यूजकडे गेली, पण तोंड वाकडं केलं नाही. चौतिसाव्या वर्षी ३८ गोल मारलेत." क्रिस टॅनेव्ह पस्तिशीचा, समोरून येणाऱ्या कडक रबराच्या पकपुढे सरळ अंग घालणारा. त्याच्यासाठी काकांनी नुसते हात जोडले. गोली अँथनी स्टोलार्झ साडेसहा फूट उंच. "उंची ठीक आहे रे, पण एवढ्या उंचीचा माणूस खाली वाकणार कधी?"

आणि मग मिच मार्नर. त्याचं नाव निघालं की काकांना बसून बोलता येत नाही.

"वर्षभरात १०२ पॉइंट्स! आणि प्लेऑफ लागले की दुर्बीण लावून शोधा. जन्म मार्कमचा, म्हणजे ४०७ ने गेलं तर इथून अर्ध्या तासावर. इथलंच पोर आणि इथल्याच लोकांचा जीव खातंय. मॅथ्यूज, नीलँडर, तवारेस आणि हा, चौघांचे पगार मिळून साडेशेचाळीस मिलियन डॉलर, आणि अख्ख्या संघाला मर्यादा ८८ ची! २०२१ पासून घसा फोडून सांगतोय, काढा त्याला!"

नेमका त्याच वेळी काकांचा जावई जिना उतरून आला. जावई मॉन्ट्रियलचा. त्यांच्या संघाकडे स्टॅन्ली कप २४, आणि २०२१ मध्ये ३-१ असे पुढे असलेल्या लीफ्सना हरवलं तेही त्यांनीच. त्यामुळे त्या घरात तो शब्द तोलूनमापून वापरतो. सासऱ्यांची मर्जी राखावी म्हणून तो म्हणाला, "बरोबर आहे बाबा, मार्नर मोठ्या सामन्यात चालतच नाही."

काका थबकले. "चालत नाही? कोण म्हणतं चालत नाही? १०२ पॉइंट्स काय रस्त्यावर पडलेले असतात? त्याच्यासारखा पास देणारा दाखव तुझ्या मॉन्ट्रियलमध्ये!" पुढचा पाऊण तास मार्नरचं गुणगान चाललं. जावई म्हणून त्याला पाटावर बसवून जेवू घातलं, पण श्रीखंडाचा आग्रह काही झाला नाही.

लीफ्सकाकांची सगळी मेख इथे आहे. ही पोरं त्यांची भाचरं आहेत. भाच्याचा कान पिळायचा हक्क मामाचा. शेजाऱ्याने हात लावला, तर मामा शेजाऱ्याचा हात पिरगाळणार. म्हणून त्यांच्यापुढे लीफ्सची स्तुती केली तर ते वेड्यात काढतात, निंदा केली तर अंगावर येतात, आणि गप्प बसलं तर "तुला खेळातलं काही कळत नाही" म्हणतात. समजूतदार माणूस अशा वेळी चहा मागतो.

प्लेऑफ सुरू झाले. ओटावाविरुद्ध ३-० अशी आघाडी. मग लागोपाठ दोन पराभव. काकांनी मोबाइल बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला. सहाव्या सामन्यात लीफ्स सुटले. पुढे गतविजेता फ्लोरिडा. पहिले दोन्ही सामने जिंकले, काकांनी कॅलेंडर काढलं, आणि सातवा सामना घरच्या मैदानावर १-६. दुसऱ्या सत्रातच काकांनी पंजाबी समालोचन लावलं. २००८ पासून इथे टीव्हीवर हॉकीचं पंजाबीत समालोचन होतं, आणि काकांच्या मते पंजाबीत पराभवसुद्धा वरातीसारखा ऐकू येतो. तेवढाच दिलासा.

मग जुलै उजाडता उजाडता बातमी आली. मार्नर आठ वर्षांच्या करारावर व्हेगासला गेला. मी ताबडतोब काकांना फोन लावला.

"काका, अभिनंदन! अखेर ऐकलं तुमचं."

"कुणी सांगितलं होतं ऐकायला?" काका कडाडले. "चाळीस वर्षं संसार केला, ह्या घरात माझं एक अक्षर कुणी ऐकत नाही. आणि नेमकं यांनीच ऐकावं?"