मोबाइलचा तेरावा महिना

मोबाइलचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो. चंद्राला नक्षत्रांची फेरी पुरी करायला सुमारे सव्वासत्तावीस दिवस लागतात आणि एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस. अठ्ठावीस हा आकडा दोन्हीकडे बसत नाही. इंग्रजी कॅलेंडरात फेब्रुवारी तेवढा या मापाचा आहे आणि लीप वर्षात तोही शब्द फिरवतो. तरीही प्रीपेड रिचार्जच्या व्यवहारात महिना म्हणजे अठ्ठावीस दिवस ही व्याख्या इतकी पक्की झाली आहे की दुकानदार ‘महिन्याचा मारू का?’ असे विचारतो आणि ग्राहक ‘मारा’ म्हणतो. दोघांपैकी एकालाही आपण खोटे बोललो असे वाटत नाही.

या महिन्याला सोयीसाठी ‘अठ्ठाविशी’ म्हणता येईल. वर्षात अशा तेरा अठ्ठाविशी होतात. तेरा गुणिले अठ्ठावीस म्हणजे तीनशे चौसष्ट. उरलेला एक दिवस ग्राहकाने मौन पाळावे किंवा त्या एका दिवसासाठी चौदावा रिचार्ज मारावा. घरभाडे वर्षातून बारा वेळा द्यावे लागते, सोसायटीचा मेंटेनन्स बारा वेळा, पेन्शन येते तीही बारा वेळा. रिचार्ज मात्र तेरा वेळा. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण ज्यांनी केली त्यांच्याकडे फोन नव्हता, पण अंदाज अचूक होता.

हिंदू पंचांगातही तेरावा महिना आहे. त्याला अधिक मास म्हणतात, बोलीत धोंड्याचा महिना. तो साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एकदा येतो. २०२३ साली श्रावण अधिक होता, २०२६ साली ज्येष्ठ. हा महिना आला की जावयाला घरी बोलावून तेहतीस अनारशांचे वाण देतात. सासुरवाडीला ते परवडते, कारण मध्ये पावणेतीन वर्षांची विश्रांती मिळते. मोबाइल कंपनीच्या पंचांगात धोंडा दर वर्षी येतो. वाणही दर वर्षी द्यावे लागते आणि जावई ताटावर बसण्याआधी पाच दिवसांपासून फोन करून आठवण देत राहतो. खऱ्या जावयाने असे केले असते तर त्याची सोयरीक कशी जमली यावर गावात चर्चा झाली असती. इथे चर्चा होत नाही, कारण एकटाच जावई नाही. सगळेच तसे आहेत आणि सगळ्यांचे पंचांग एकाच छापखान्यातून निघाल्यासारखे आहे.

अठ्ठावीसला सातने पूर्ण भाग जातो, ही या पंचांगाची दुसरी गंमत. मंगळवारी मारलेला रिचार्ज दर चौथ्या मंगळवारीच मारावा लागतो, जन्मभर. तारीख हलत राहते, वार हलत नाही. त्यामुळे पगाराच्या पाच तारखेला जुळवून बसवलेला हिशेब दोन-तीन अठ्ठाविशींत मागे सरकतो आणि एक दिवस तेवीस तारखेला, खिशात चिल्लर असताना, आउटगोइंग बंद होते. वाराचे व्रत म्हणून याकडे पाहावे तर सोळा सोमवारांनाही सतराव्या सोमवारी उद्यापन असते. या मंगळवाराला उद्यापन नाही.

अठ्ठाविशीचा खरा भार पडतो तो अधूनमधून फोन वापरणाऱ्यावर. दिवसभर फोनला चिकटलेल्या माणसाला प्लॅन महाग पडत नाही. तो एका रिचार्जात तीन ऑफिसे आणि दोन भांडणे चालवतो. अधूनमधून वापरणारा निराळा. संगमेश्वराजवळच्या वाडीत बटणांचा फोन पदराआड ठेवणारी आजी ही त्यातली पहिली. तिचा मुंबईचा मुलगा रविवारी फोन करतो, आजी तो उचलते आणि ‘हॅलो’च्या आधीच ‘जेवलास का’ विचारते. ती स्वतः फोन लावते तो गॅसवाल्याला आणि फार तर पुतण्याला. दुसरा प्रकार म्हणजे ड्युअल सिमच्या फोनातले दुसरे सिम. ते बोलण्यासाठी नसते; वीस वर्षांपूर्वी बँकेत, विम्यात आणि सिलिंडरच्या पुस्तकात तोच नंबर लिहिलेला असतो म्हणून ते जगवायचे असते. तिसरा प्रकार परदेशी गेलेल्यांचा. न्यू जर्सीतला मुलगा पुण्यातल्या बँकेच्या ओटीपीसाठी इथले सिम तिथे जपून ठेवतो आणि त्याचा रिचार्ज पुण्यातला धाकटा भाऊ मारतो, कुरकुरत. या तिघांची गरज एकच आहे. नंबर जिवंत राहावा, फोन आला तर वाजावा, मेसेज आला तर दिसावा.

या गरजेची किंमत कशी वाढत गेली हे पाहण्यासारखे आहे. १९९५ साली देशात मोबाइल आला तेव्हा आलेला फोन उचलायलाही पैसे पडत, म्हणून लोक स्क्रीनवरचा नंबर पाहून फोन कापत आणि कोपऱ्यावरच्या पीसीओतून उलट फोन करत. २००३ साली इनकमिंग फुकट झाले. पुढे ‘लाइफटाइम’ नावाची योजना आली: एकदा ९९९ रुपये भरा आणि इनकमिंग जन्मभर घ्या. हा जन्म कंपनीच्या परवान्याचा, ग्राहकाचा नव्हे, हे बारीक अक्षरांत होते. २००९ साली सेकंदाला एक पैसा असा दर आला. तो या धंद्याच्या इतिहासातला सुवर्णकाळ म्हणावा लागेल. आजीसारख्या माणसाने दहाचे व्हाउचर मारावे आणि ते दिवाळीपर्यंत पुरवावे. मग २०१८ च्या अखेरीस अठ्ठाविशी आजीच्या वाडीत पोचली. इनकमिंग चालू ठेवायचे तर दर अठ्ठावीस दिवसांना किमान ३५ रुपये, असे ठरले. २०२१ साली या किमान रिचार्जाने ७९ आणि त्याच वर्षी ९९ रुपये गाठले. मधल्या काळात चोवीस दिवसांचा महिनाही बाजारात येऊन गेला. २०२४ च्या जुलैनंतर नेहमीची अठ्ठाविशी दोनशेच्या घरात गेली.

आजीच्या बोलण्याचा हिशेब या दराने मांडता येतो. अठ्ठावीस दिवसांत ती स्वतः फोन लावून वीस मिनिटे बोलते असे धरू; गॅसवाला फोन उचलत नसल्याने हे जास्तच धरले आहे. वीस मिनिटांचे बाराशे सेकंद. सेकंदाला एक पैसा या दराने बारा रुपये होतात. १९९ रुपयांच्या प्लॅनमध्ये तेवढेच बोलणे मिनिटाला जवळजवळ दहा रुपये पडते आणि या प्लॅनचे नाव ‘अनलिमिटेड’ असते. त्यात दोन-एक जीबी डेटाही मिळतो. आजीच्या फोनला इंटरनेट नाही. तो डेटा कुठे जातो याची नोंद नाही. तो दुधासारखा नासत नाही, पण अठ्ठाविसाव्या रात्री मरतो हे नक्की.

दुधाचा विषय निघालाच आहे तर खाड्यांबद्दल लिहिणे भाग आहे. महाराष्ट्रात ज्याच्या घरी रतीब आहे त्याला खाडा माहीत असतो. घरातली माणसे चार दिवस गावी गेली की कॅलेंडरवर चार फुल्या पडतात आणि महिनाअखेरीस चार दिवसांचे पैसे वजा होतात. दूधवाला त्यावर हुज्जत घालतो, ‘ताई, तीनच होते’ म्हणतो, मग कॅलेंडर भिंतीवरून उतरते आणि चार कापले जातात. पेपरवाला खाडे कापतो. खानावळीची मावशी दोन दिवस आधी सांगितले तर डब्याचे खाडे कापते. यांच्याकडे संगणक नाही. कानामागे पेन्सिल आहे आणि तिला टोक असेलच असे नाही. दुसरीकडे मोबाइल कंपनी. कोणत्या नंबरवरून, कोणत्या टॉवरखालून, कोणाशी, किती सेकंद बोलणे झाले हे तिला ठाऊक असते. सदतिसाव्या सेकंदाला फोन कापला तर ती सदतीस सेकंदच लावते, छत्तीस नव्हे. ग्राहकाने डेटाचा शेवटचा कण वापरला की त्याच क्षणी तिचा मेसेज येतो. एवढी चोख वही जिच्याकडे आहे, तिला अठ्ठावीसपैकी चोवीस दिवस फोन उचललाच गेला नाही हे कळत नाही? कळते. चांगले कळते. आजी फोन वापरत नाही हे कळते म्हणूनच तिच्यासाठी अठ्ठाविशी आहे. वापरणाऱ्याकडून पैसे मिळतातच, धंदा न वापरणाऱ्याच्या जिवावर फुलतो. टॉवर उभा ठेवायला खर्च येतो, असे यावर उत्तर मिळते. गोठाही उभा ठेवायला खर्च येतो. म्हैस खाड्याच्या दिवशीही चारा खाते, किंबहुना त्या दिवशी जास्त खाते असे दूधवाला शपथेवर सांगेल. तरी तो खाडा कापतो, कारण न दिलेल्या दुधाचे पैसे मागायला तोंड लागते आणि ते त्याच्याकडे नाही.

असो. विषय प्लॅनचा आहे.

अठ्ठाविशीला वळसा घालण्याचा पहिला प्रयत्न बहुतेक ग्राहक टॉपअपने करतात आणि तो फसतो. दहा रुपयांच्या टॉपअपमधून कर १ रुपया ५३ पैसे आणि प्रोसेसिंग फी १ रुपया वजा होऊन हाती ७ रुपये ४७ पैसे टॉकटाइम येतो. त्याची मुदत अमर्याद असते. ही मुदत मात्र पैशांची, फोनची नव्हे: नंबरवर चालू प्लॅन नसेल तर तो टॉकटाइम खात्यात दिसतो आणि वापरता येत नाही. देवघरातल्या चांदीच्या रुपयासारखा. आजीने असे तीन टॉपअप मारून २२ रुपये ४१ पैसे जमवले तरी गॅसवाल्याला फोन लागणार नाही.

दुसरा मार्ग तीस दिवसांच्या प्लॅनचा. प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला भरण्याचा ठेवावा, असा नियम २०२२ साली झाला. तारखेच्या प्लॅनसाठी नियमाने फेब्रुवारीचाही विचार केला आहे: एकतीस तारीख ज्या महिन्यात नाही त्यात शेवटची तारीख धरावी. ज्यांना महिना म्हणजे काय हे कायद्याने सांगावे लागते, त्यांना तो विषय इतक्या बारकाईनेच सांगावा लागतो. हे प्लॅन अस्तित्वात आहेत. दुकानातल्या फळ्यावर ते सहसा नसतात. नाव घेऊन मागावे लागतात, जसे हॉटेलात साधे पाणी मागावे लागते.

तिसरा आणि अधूनमधून वापरणाऱ्याच्या खऱ्या कामाचा मार्ग २०२४ च्या डिसेंबरात मोकळा झाला. डेटा नको असणाऱ्यांसाठी निव्वळ कॉल आणि मेसेजचे प्लॅन ठेवणे बंधनकारक झाले आणि अशा खास रिचार्जची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर गेली. त्यानंतर असे प्लॅन आले. तिमाही म्हणून आला तो ८४ दिवसांचा, म्हणजे तीन अठ्ठाविशींचा. काही ठिकाणी वर्षाच्या नावाखाली ३३६ दिवस आले. ही बारा अठ्ठाविशींची बेरीज आहे; नियमाने वर्ष दिले तरी पंचांग तेच राहिले. मात्र पूर्ण ३६५ दिवसांचेही प्लॅन आहेत. अठराशे-एकोणीसशे रुपयांना मिळणारा असा प्लॅन दिवसाला पाच रुपयांच्या आसपास पडतो, तर १९९ रुपयांची अठ्ठाविशी दिवसाला सात रुपये अकरा पैसे आणि वर्षाला तेरा वेळा मिळून २,५८७ रुपये. आजीकडे एकदम अठराशे नसतात ही अडचण खरी आहे. दिवाळीला साडी आणणाऱ्या मुलाने एक वर्ष साडीऐवजी रिचार्ज आणला तर ती सुटते, पण साडी दाखवता येते.

प्लॅन निवडताना म्हणून एकच गणित करावे. किमतीला दिवसांनी भागावे. महिन्यांनी कधीही नाही. जाहिरातीतले ‘रोज’, ‘अनलिमिटेड’ आणि ‘फक्त’ हे तीन शब्द झाकावेत आणि उरलेल्या ओळीत दिवसांचा आकडा शोधावा. तो नेहमी असतो, नेहमी लहान टायपात असतो.

हे काहीच न करता सिम तसेच ठेवले तर काय होते, तेही नोंदवायला हवे. मुदत संपली की आधी आउटगोइंग जाते, मग इनकमिंग. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद करता येतो. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून त्याला आणखी मुदत मिळते. म्हणजे देवघरातला तो चांदीचा रुपया शेवटी औषधाला उपयोगी पडतो. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. त्याला पहिले काही महिने आजीच्या सिलिंडरचे, पेन्शन जमा झाल्याचे आणि रविवारी सकाळी ‘जेवलीस का’ विचारणाऱ्या एका माणसाचे फोन-मेसेज येत राहतात. नंबर सोडायचाच असेल तर आधी बँकेत, गॅस एजन्सीत आणि पेन्शनच्या कागदांवर तो बदलून घ्यावा, आणि मुंबईच्या मुलाला कळवावे.