गाडीचे काम चालू असलेला गृहस्थ

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ८६ किलोमीटरवर असलेल्या आसनगावात आणि एकूणच शहापूर तालुक्यात लोकलच्या वेळापत्रकावर जगणारे नोकरदार, भातशेती सांभाळणारे शेतकरी आणि महामार्गालगतची जमीन विकून सधन झालेले जमीनदार असे तीन वर्ग सहज नजरेत भरतात. परंतु या तिन्ही वर्गांत थोडाथोडा पाय असलेला आणि त्यांपैकी एकाही वर्गात पुरता न मावणारा एक चौथा प्रकारही तेथे आढळतो. जनगणनेत त्याची वेगळी नोंद होत नसली, तरी गावात त्याला ओळखणे अवघड नसते, कारण कोणत्याही महिन्यात, कोणत्याही प्रसंगी, त्याच्याविषयी एकच वाक्य बोलले जाते आणि ते म्हणजे त्याच्या गाडीचे काम चालू आहे.

ही गाडी म्हणजे स्पोर्ट्स कार, अर्थात वेगासाठी आणि त्याहूनही अधिक दिसण्यासाठी बांधलेली, दोनच माणसांना सामावणारी आणि जमिनीपासून वीतभर उंचीवरून चालणारी मोटार होय. भारतात बनलेल्या अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्याच असून त्यांतील दोन मराठी मुलखाच्या अंगणातल्या आहेत. पहिली अलिबागची चिंकारा रोडस्टर. हिच्या लांब नाकाखाली इसुझुचे १.८ लिटरचे, म्हणजे एकेकाळी सरकारी साहेबांच्या अॅम्बॅसडरमध्येही बसवले जाणारे इंजिन असते. दुसरी गोव्याच्या सॅन मोटर्सने १९९०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणलेली सॅन स्टॉर्म. छप्पर काढता येणाऱ्या या गाडीचे इंजिन रेनो कंपनीचे, १,१४९ सीसीचे आणि सुमारे ६० अश्वशक्तीचे आहे. प्रस्तुत गृहस्थाकडे बहुधा ही दुसरी असते. आजच्या बऱ्याच साध्या कौटुंबिक मोटारी याहून अधिक शक्तीच्या असतात ही माहिती त्याला पूर्णपणे अवगत असते, तथापि ती तो कोणालाही देत नाही.

गाडी त्याच्याकडे आली तेव्हा चालू होती, यावर सर्व साक्षीदारांचे एकमत आहे. नंतरचा इतिहास मात्र धूसर आहे: पहिल्या पावसाळ्यात छपराच्या सांध्यातून पाणी आत आले, दुसऱ्या पावसाळ्यात गाडी ताडपत्रीखाली गेली, तिसऱ्या वर्षी ती घरामागच्या शेडमध्ये ढकलण्यात आली आणि त्यानंतरची दहा-बारा वर्षे तिने कोंबड्यांच्या खुराड्याची अतिरिक्त जागा म्हणून काढली. शेडमध्ये भाताची पोती ठेवायची की गाडी, हा प्रश्न त्या घरात दर सुगीला उपस्थित होतो, "अहो, तुळशीच्या लग्नापर्यंत तरी जागा मोकळी होईल का?" असे पत्नी विचारते आणि त्यावर गृहस्थ पाडव्याचा वायदा करतो, मात्र कोणत्या सालचा पाडवा हे सांगत नाही.

या अवस्थेत असलेल्या गाडीकडे सर्वप्रथम भंगारवाल्याचे लक्ष जाते. तो पत्र्यावर बोटाने टकटक करतो, आवाज ऐकतो आणि देऊ केलेली किंमत लगेच निम्म्यावर आणतो, कारण गाडीचे अंग पत्र्याचे नसून फायबरग्लासचे, म्हणजे काचेच्या तंतूंची चटई राळेत भिजवून साच्यावर घट्ट केलेल्या पदार्थाचे असते आणि भंगाराच्या काट्यावर त्याला मोल नाही. या अपमानातूनच गृहस्थाच्या मनात पुनरुद्धाराचा संकल्प जन्म घेतो. फायबर गंजत नाही हे वाक्य तो पुढे आयुष्यभर वापरतो; त्याखालचा पोलादी सांगाडा मात्र गंजतो आणि शहापूरच्या पावसात तर मनापासून गंजतो, हा उत्तरार्ध त्याला सोयीस्करपणे आठवत नाही.

आता या प्रकाराचे जे मुख्य लक्षण, त्याकडे वळता येईल. बंद पडलेली गाडी रस्त्यावर आणण्याचा एक सर्वमान्य क्रम आहे: आधी ब्रेक, मग इंधन, मग इंजिन, मग टायर, आणि हे सर्व झाल्यावर पैसे उरल्यास रंग. प्रस्तुत गृहस्थ हा क्रम तंतोतंत पाळतो, फक्त उलट्या टोकाकडून. पहिल्या रविवारी तो स्टिअरिंगचे कव्हर आणतो, दुसऱ्या रविवारी लाल रंगाच्या छटांचे कार्ड आणतो आणि त्या छटांवर पारावर तीन महिने चर्चा होते. डेंटर ठोकणी घेऊन येतो खरा, परंतु फायबर ठोकून सरळ होत नाही, ते तडकते. तेव्हा अखेर लग्नमंडपाच्या कमानींवरील फायबरचे हत्ती-घोडे बनवणाऱ्या कारागिराला पाचारण केले जाते आणि तो बॉनेट इतके सुबक भरून देतो की त्याला पुढे सोंड फुटत नाही याचेच पाहणाऱ्याला नवल वाटावे. गाडी अशा रीतीने चकचकीत होते. ती हलत नाही, हा वेगळा मुद्दा.

इंजिनाची पाळी येते तेव्हाही घाई आडवी येते. वर्षानुवर्षे न फिरलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवर गंजाचा पातळ थर चढतो आणि पिस्टनच्या रिंगा तेथेच चिकटून बसतात. म्हणून जाणता मिस्त्री प्लग काढून त्या भोकांतून थोडे ऑइल सोडतो, दोन-चार दिवस थांबतो आणि मग पान्याने इंजिन हाताने, हलके हलके फिरवून पाहतो. त्याच वेळी टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि झडपा यांची लय जुळवून ठेवणारा दात्यांचा रबरी पट्टा, न पाहताच बदलला जातो, कारण गाडी एक किलोमीटर चालली नसली तरी रबराचे वय वाढतच असते आणि हा पट्टा चालू इंजिनात तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन झडपांवर आदळतो. गृहस्थाने हे सर्व ऐकलेले असते. तरीही शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून, दोन वायरी जोडून तो थेट सेल्फ मारतो. या क्षणी हजर असलेल्या मंडळींत एसटीतून निवृत्त झालेला एक मेकॅनिक असतोच असतो. "दादा, पंप आवाज करतोय, पण पेट्रोल वर येत नाही," एवढेच बोलून तो विडी पेटवायला लांब जातो, आणि त्याच्या त्या लांब जाण्यात चाळीस वर्षांचा अनुभव सामावलेला असतो.

पेट्रोल वर येत नाही, कारण टाकीत पेट्रोल उरलेलेच नसते. फार दिवस साठवलेल्या पेट्रोलमधला हलका, चटकन पेटणारा अंश उडून जातो आणि मागे डिंकासारखा चिकट गाळ राहतो, तोच पंपाच्या जाळीत आणि इंजेक्टरच्या बारीक तोंडांत जाऊन बसतो. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. ते हवेतील ओल ओढून घेते आणि जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्यांना मऊ करते, त्यामुळे टाकी उतरवून धुणे आणि सगळ्या नळ्या नव्या टाकणे याला पर्याय नसतो. वायरिंगचा विषय उंदरांनी परस्पर निकाली काढलेला असतो.

सुट्या भागांच्या शोधात या गृहस्थाचे खरे वैभव दिसते. कुर्ल्यात २०००च्या सुमारापर्यंत तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा मालक यात सुदैवी म्हटला पाहिजे, कारण मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली असली तरी तिचे भाग आणि ते ओळखणारे डोळे अजून शिल्लक आहेत. सॅन स्टॉर्मचे तसे नाही. तिचे इंजिन फ्रेंच असले तरी रेनोचे नाव लावलेली मोटार सर्वसामान्य भारतीय ग्राहकापर्यंत २००७मध्ये महिंद्रासोबतच्या लोगनच्या रूपाने पोचली आणि तिची इंजिने वेगळी होती. म्हणून गृहस्थ दर शनिवारी आसनगावहून लोकल पकडून कुर्ल्याच्या भंगार बाजारात जातो, खिशात एक तुटका भाग कागदात गुंडाळून नेतो, दहा दुकानदारांना तो दाखवतो आणि संध्याकाळी तोच भाग, शिवाय दुसऱ्याच एका गाडीचा आरसा, घेऊन परततो. परतीच्या डब्यात त्याचे ऐकणारे लोक असतात, आणि येथे अभ्यासकाला मान्य करावे लागते की चालू गाडीच्या मालकाला या मार्गावर एवढा श्रोतृवर्ग कधीच मिळत नाही. चालू गाडीबद्दल विचारण्यासारखे असते काय? मायलेज विचारले की विषय संपतो. बंद गाडीला मात्र प्रगती असते, अडथळे असतात, शत्रू असतात. गाडी पूर्ण होण्याची भीती या प्रकारात आढळते ती यामुळेच, आणि ती निराधार म्हणता येत नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा होते. झेंडूची माळ, हळदीकुंकू, नारळ, चाकांखाली लिंबे असा सर्व विधी यथासांग पार पडतो, मात्र लिंबे चिरडण्यासाठी चार माणसांनी गाडी ढकलावी लागते. याच सुमारास गावात कोणाच्या तरी लग्नाची बोलणी चालू असतात आणि वरातीसाठी लाल गाडी मागितली जाते. परंतु नवरा-नवरी बसल्यावर चालकाला जागाच उरत नाही आणि करवलीचा प्रश्न तर चर्चेलाही येत नाही.

कागदपत्रांचा भाग रुक्ष असला तरी टाळता येत नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांपुरती असते आणि पुढे गाडी तपासून घेऊन, ज्याला बोलीभाषेत पासिंग म्हणतात ते करून, दर पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले, उशीर झाल्यास दरमहा जादा शुल्कही पडते आणि २०२५मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी शुल्क १०,००० रुपये ठरले. राज्याचा पर्यावरण कर यात धरलेला नाही. यावर गृहस्थाचे ठरलेले उत्तर असे की आपली गाडी व्हिंटेज आहे. तथापि केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज ठरण्यास गाडीचे वय ५० वर्षांहून अधिक असावे लागते, ती मूळ स्वरूपात असावी लागते आणि तशी नोंदणी झाल्यावरही तिला रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ही गाडी म्हातारी झालेली आहे, पण वडीलधारी झालेली नाही, आणि त्या मानासाठी तिला अजून वीसहून अधिक वर्षे शेडमध्ये काढावी लागतील. गृहस्थाला ही मुदत फारशी जाचक वाटत नाही.

एखाद्या शुभ रविवारी गाडी सुरूही होते. धूर निवळल्यावर ती किन्हवलीच्या रस्त्याला लागते आणि पहिल्याच गतिरोधकावर पोट टेकून थांबते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक सुमारे ३.७ मीटर रुंद आणि केवळ १० सेंटिमीटर उंच असावा. गावाने स्वखर्चाने घातलेल्या गतिरोधकाची उंची मात्र मागच्या अपघातात कोणाचे वासरू गेले यावर ठरते. अशा वेळी गृहस्थ उतरतो, चारही बाजूंनी पाहतो आणि आपली गाडी मुळात याच तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गासाठी आहे असे जाहीर करतो. या महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि या महामार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, हे खरे. पण त्याच्या टायरच्या कडेवरील चार अंकी खूण वाचली, म्हणजे पहिल्या दोन अंकांवरून आठवडा आणि पुढच्या दोन अंकांवरून वर्ष काढले, तर टायर २००८च्या पावसाळ्यातले निघतात. नक्षी शाबूत असली तरी त्यांचे रबर कडक होऊन तडकलेले असते.

राहता राहिले ब्रेक. ब्रेक ऑइल हे हवेतील ओलावा शोषणारे द्रव्य असून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे लागते, कारण त्यात मुरलेले पाणी लांब उतारावर, उदाहरणार्थ इगतपुरीहून कसारा घाट उतरताना, तापून वाफ होते आणि मग पाय दाबला तरी पेडल नुसते खाली जाते. हे काम सर्वांत स्वस्त असते, एका दुपारात होते आणि ते झाल्याचे बाहेरून कोणालाही दिसत नाही. या तिसऱ्या दोषामुळेच ते यादीत कायम शेवटी राहते. म्हणून आसनगाव स्थानकाबाहेर एखाद्या लालभडक दोन आसनी गाडीतून शहापूरपर्यंत सोडण्याचे आमंत्रण मिळाल्यास वाचकांनी ब्रेक ऑइल कधी बदलले एवढेच नम्रपणे विचारावे, आणि उत्तरादाखल रंगाच्या कंपनीचे नाव सांगण्यात आल्यास निमूटपणे शेअर रिक्षा पकडावी.