उपनगरातील उंच हॉटेल

मुंबईच्या उपनगरांतील बरीच पंचतारांकित हॉटेले विमानतळाच्या आधाराने वाढली. सहारचे लीला ऐंशीच्या दशकात उघडले, आयटीसी मराठा 2001 साली. पण विमानतळाशेजारी इमारतींच्या उंचीवर मर्यादा असते, त्यामुळे या हॉटेलांना वर जाता आले नाही. ती आडवी पसरली. आभाळाकडे झेपावणारे हॉटेल पाहायचे तर गोरेगाव पूर्वेला यावे लागते. तिथे पश्चिम द्रुतगती महामार्गालगत 2010 साली तीसेक मजल्यांचे वेस्टिन उघडले.

अशा हॉटेलातला पाहुणा दोन प्रकारचा. पहिला विमानाने येतो आणि कंपनीच्या पैशाने राहतो. त्याच्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. दुसरा बोरिवलीहून नाहीतर मुलुंडहून येतो, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, मुलांनी परस्पर केलेल्या बुकिंगवर. अभ्यासाला हाच योग्य.

रिक्षा हे उपनगराचे वाहन. वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेत तिला बंदी, आणि हॉटेलच्या पोर्चमध्येही सहसा मज्जावच. म्हणून हा पाहुणा फाटकाशी उतरून बॅग ओढत येतो. 26/11 नंतर कडक झालेल्या तपासणीत बॅग एक्स-रे यंत्रातून जाते आणि चकल्यांचा डबा पडद्यावर स्वच्छ दिसतो. सुरक्षारक्षक सभ्य असतात. ते काही बोलत नाहीत.

लिफ्ट कार्डाशिवाय वर नेत नाही आणि खोलीतले दिवेही कार्ड खोचल्याशिवाय लागत नाहीत. बाथरूममध्ये टब असतो, शॉवर असतो, काचेची भिंत असते, बादली नसते. ती फोन करून मागवता येते, आणि पाठवणारा काहीही विचारत नाही, यावरून ही मागणी नवी नसावी. किटली असते, पण तिच्यात होणाऱ्या चहाला पाहुणा चहा म्हणत नाही. मिनीबारला कोणी हात लावत नाही. दरपत्रक मात्र मोठ्याने वाचले जाते. साडेसात हजारांवरच्या खोलीला 18 टक्के जीएसटी लागतो, हे यजमानांना इथेच कळते. दुपारी तीनला प्रवेश आणि दुसऱ्या दिवशी बाराला निर्गमन, म्हणजे एकवीस तासांचा ‘दिवस’, हा हिशेबही तेच मांडतात.

खरी वस्तू खिडकी. ती उघडत नाही. एका बाजूला आरे वसाहत, 1949 साली गोठ्यांसाठी वसवलेली, आणि पलीकडे राष्ट्रीय उद्यान. मोबाइलचा झूम ताणून बिबट्या शोधला जातो, झाडे दिसतात. दुसऱ्या बाजूला महामार्ग. जाणकार हीच बाजू मागतात. संध्याकाळी बोरिवलीकडे जाणाऱ्या लाल दिव्यांची रांग हलत नाही, आणि एरवी रोज त्याच रांगेत अडकणारा माणूस वरून ती तासभर पाहत उभा राहतो. गर्दी तीच, गाड्या त्याच. हॉर्न तेवढे वजा. भाड्यातला मोठा वाटा या वजाबाकीचा असतो, आणि तो वाजवी आहे.

सकाळचा बुफे बहुधा भाड्यातच धरलेला असतो. पाहुणा क्रोसाँ, चीज, कापलेली परदेशी फळे यांना एक पूर्ण प्रदक्षिणा घालतो आणि पोहे घेऊन बसतो.

बाराला खोली सोडल्यावर लॉबीत रेंगाळू नये. दुपारी महामार्ग त्यातल्या त्यात मोकळा असतो. संध्याकाळ झाली तर बोरिवलीकराला वरून पाहिलेल्या रांगेत खाली उभे राहावे लागेल. त्यापेक्षा दिंडोशीला मेट्रो पकडावी.