चार पूर्णांक सात

माझी किंमत सध्या पाचपैकी ४.७ आहे. उरलेलं ०.३ कुठे सांडलं ते शोधण्यात दुपार जाते, दुपार गेल्यामुळे मुद्रितं उशिरा जातात आणि मग ४.७चं ४.६ होण्याची धास्ती लागते.

दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून पोट भरणाऱ्या माणसाने स्वतःचं नाव रोज गूगलवर शोधावं, आणि तेही इन्कॉग्निटोमधून, म्हणजे तिऱ्हाइताला आपण कितवे दिसतो ते कळावं म्हणून, हे काही शोभत नाही. पण शोधतो. पहिला सापडतो माझ्याच नावाचा एक दंतवैद्य. त्याला ४.९! लोकांच्या दाढा उपटून!

मी गूगलवर व्यवसायाची नोंद केली आणि हौसेने ती घरच्या ग्रुपवर टाकली. कामाचा प्रत्यक्ष अनुभव असेल त्यानेच अभिप्राय द्यावा असा गूगलचा नियम आहे, पण तो मावशीला सांगणार कोण? तिने पाच स्टार देऊन लिहिलं, 'लहाणपणापासुन हूशार. निरव्यसनी.' मुद्रितशोधकाच्या नावाखाली! मामांनी 'सहमत' लिहून चारच दिले. विचारलं तर म्हणाले, "सगळेच पाच दिसले की लोकांना संशय येतो रे."

दुसऱ्याचा अभिप्राय आपल्याला दुरुस्त करता येत नाही. फार तर तक्रार करून काढायला लावता येतो. आता मावशीची तक्रार गूगलकडे करून दिवाळीला कुठल्या तोंडाने जाऊ? शिवाय चष्मा कपाळावर ढकलून, एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत तिने ते टाइप केलं असणार. राहू दे तसंच. माझं एवढं कौतुक आजवर एकाही प्रकाशकाने केलेलं नाही.

प्रकाशकांना मात्र कोणी स्टार देत नाही. एकाकडे माझं बिल गेल्या पावसाळ्यापासून पडून आहे. माझी उद्यम नोंदणी आहे. लघुउद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्याने पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायचे असतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कलम पाठ आहे. पण दावा लावला की 'माणूस कटकट्या आहे' हे सगळ्या प्रकाशकांना कळायला इंटरनेटही लागत नाही. म्हणून दर सोमवारी 'सवडीने पाहावे' असं लिहून पुढे हसरा चेहरा जोडतो. दात ओठ खात.

त्या प्रकाशनाच्या हिशेब विभागातलं कोणी हे वाचत असेल, तर व्याज राहू द्या. मुद्दल तेवढं पाठवा.