महिला राखीव

“अगं, तुला सहकारी बँकेच्या निवडणुकीसाठी पॅनेलवाल्यांनी विचारलंय म्हणे?” कंपाउंडच्या भिंतीवरून मी थेट विचारलं. बातमी दूधवाल्याकडून आलेली, म्हणजे पक्की.

“कोणी सांगितलं काकू? अजून घरातसुद्धा धड बोलणं झालेलं नाही.” ती पिळे बादलीत टाकून भिंतीशी आली. “महिला राखीवच्या दोन जागा असतात ना, त्यातली एक.”

“आणि दुसरी?”

“अध्यक्षांची सून.”

“ती असणारच. तुझ्या नावापुढे व्यवसाय काय लिहिणार?”

“गृहिणी. पत्रकात तसंच छापायचं म्हणाले.”

मला रागच आला. पोरगी बी.कॉम. आहे, नवऱ्याच्या खताच्या दुकानाचं जीएसटी रिटर्न स्वतः भरते, उधारीची वही तिच्याच हातात. आणि म्हणे गृहिणी! मी आत जाऊन बँकेचा वार्षिक अहवाल घेऊन आले. सभासदांना पोस्टाने येतो, बहुतेक घरांत तो न उघडताच रद्दीत जातो. मी बँकेच्या हिशेब खात्यात नोकरी केलेली, त्यामुळे मला तो मासिकासारखा वाचायची खोड. शेवटच्या पानांवर संचालकांची ओळख होती.

“बघ. समाजसेवक, समाजसेवक, उद्योजक, पुन्हा समाजसेवक, शेती…”

“शेतकऱ्याला बँकेतलं काय कळणार हो?” ती हसली.

“हसू नकोस. बँकिंग नियमन कायद्यात कलम 10अ आहे. निदान 51 टक्के संचालकांना हिशेब, बँकिंग, कायदा, अर्थशास्त्र, सहकार, शेती, लघुउद्योग अशा कशाचं तरी खास ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव हवा. शिवाय शेती, सहकार किंवा लघुउद्योग यांतले निदान दोघे हवेतच. 2020 च्या दुरुस्तीनंतर हे सहकारी बँकांनाही लागलं. पीक गेलं की कर्जदार काय करतो हे सीएपेक्षा शेतकऱ्यालाच आधी कळतं.”

“मग समाजसेवा कुठल्या खणात बसवायची?”

“सहकार आहे ना! ज्याला दुसरं काहीच नाही, त्याला सहकाराचा दांडगा अनुभव.”

शंभर कोटी किंवा त्याहून जास्त ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेने 2019 च्या अखेरीस व्यवस्थापन मंडळ नेमायला सांगितलं, तेही मी तिला सांगितलं. संचालक मंडळ निवडून येणारच. त्याच्या जोडीला जाणकार माणसांचं हे वेगळं मंडळ.

“म्हणजे सासू आहेच, शिवाय आत्तेसासूही राहायला आली.”

“तसंच. पण आत्तेसासूला नेमणार सासूच, हे विसरू नकोस.”

मग तिने तो प्रश्न विचारला, जो मला नोकरीत असताना रोज पडायचा. एवढे शिकलेसवरलेले लोक असतात, तरी बँका बुडतात कशा?

मी म्हटलं, डिग्री बघू नको, माणूस आधी कुठे बसत होता ते बघ. पीएमसी बँक आठव. 2019 च्या सप्टेंबरात निर्बंध आले, सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची मुभा. एचडीआयएल या एकाच बांधकाम गटाकडे साडेसहा हजार कोटींच्या आसपास अडकलेले, म्हणजे एकूण कर्जाच्या रुपयातले जवळजवळ बारा आणे. आणि बँकेचे अध्यक्ष आधी त्याच एचडीआयएलच्या संचालक मंडळावर होते. आता त्यांच्या ओळखीत ‘उद्योजक, दांडगा अनुभव’ असं छापलं असतं तर खोटं काय होतं त्यात?

“बाई गं!” ती म्हणाली. मग जरा दबकत, “काकू, पण मला जमेल का? कर्जाच्या फायली, ताळेबंद… तिथे सगळे पुरुष.”

“माणदेशीच्या बायका आठव. आपल्या साताऱ्यातल्याच. चेतना सिन्हांबरोबर म्हसवडला बँक काढायला निघाल्या, तर रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला. कारण काय, तर प्रवर्तक बायकांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या लिहायला शिकल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा साहेबांसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो; तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. 1997 ला बँक सुरू झाली. त्यांच्या नावापुढे काय लिहायचं होतं गं? मजुरी? भाजीविक्री? तू तर रिटर्न भरतेस. गृहिणी नाही, ‘व्यापार व हिशेब’ लिही म्हणावं. आणि कर्ज समितीवर घेणार का, हे आधी विचार. नाहीतर सहीपुरती नेतील.”

ती खुलली. मला मात्र एक शंका कुरतडत होती.

“दुकानाचं सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटचं कर्ज, कुठल्या बँकेत आहे तुमचं?”

“ह्याच की.”

“मग ऐक. 2003 च्या ऑक्टोबरपासून नागरी बँकेला संचालकाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा त्यांच्या धंद्याला कर्ज देता येत नाही. मुदत ठेवीवरचं वगैरे सोडून. तू निवडून आलीस की तुमच्या सीसीचं नूतनीकरण बंद.”

“बंद म्हणजे? खरिपाचा माल कशावर भरायचा?”

“दुसरी बँक शोधायची. नवं तारण, नवी फाईल, सगळं पहिल्यापासून.”

ती अहवाल मिटून गप्प उभी राहिली. मग एकदम म्हणाली, “काकू, पॅनेलप्रमुखांच्या मावसभावाचं चौकातलं दुकान खताचंच ना हो?”

“खताचंच. बियाणंही ठेवतो.”

“अहो!” तिने घराकडे तोंड करून हाक मारली. “जरा बाहेर या. आणि त्यांना फोन केला नसेल तर करू नका!”